खुर्चीची चूक

१

दहाच्या ठोक्याला सभागृहाच्या रेकॉर्डरूममध्ये रेकॉर्डकाकांनी कपाट उघडलं आणि वह्या मोजल्या. गेल्या वर्षीच्या अठरा तारखेच्या खणात सहा वह्या उभ्या असायच्या. पाचच होत्या. त्यांनी खण रिकामा करून पाहिला, खालचा पाहिला, वरचा पाहिला, शेवटी कपाटामागे बॅटरी मारून पाहिली. मग सचिवांना फोन करण्याआधी ग्लासभर पाणी प्यायले.

एरवी सभागृहाची एखादी जुनी वही इकडची तिकडे झाली असती तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण हीच वही दुपारी दोन वाजता न्यायाधीशांपुढे ठेवायची होती. भाऊसाहेबांचा कायदा टिकणार की कोसळणार, हे तिच्यावर ठरायचं होतं.

भाऊसाहेब म्हणजे सभागृहातलं जुनं खोड. नव्या सदस्यांनी त्यांचं नाव ‘जुनं कपाट’ ठेवलं होतं. काहीही नवीन आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘जुन्यात काय वाईट होतं?’ पण गेल्या दोन वर्षांत या जुन्या कपाटाने भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. म्हाताऱ्या आईबापांना त्यांच्याच घरातून बाहेर काढता येणार नाही, हा कायदा त्यांनी करून घेतला. त्याला आव्हान मिळालं, ते कोर्टात जिंकले. मग आला सुट्टीचा कायदा. आठवड्यातला एक दिवस दुकानं, मॉल, कारखाने बंद, म्हणजे घरातली माणसं निदान त्या दिवशी तरी एकत्र जेवतील. व्यापारी संघ कोर्टात गेला. खालच्या कोर्टात भाऊसाहेब जिंकले, मधल्या कोर्टात जिंकले. आता सगळ्यात वरचं उरलं होतं.

तिथे संघाच्या वकिलाने नवीनच खुसपट काढलं. एकट्या माणसाची टपरी कायद्यातून वगळावी, अशी एक दुरुस्ती विरोधी बाकांवरून आली होती. ती मताला टाकलीच नव्हती, असं वकिलाचं म्हणणं. छापील अहवालात ती मंजूर झालेली दिसते, म्हणजे मागाहून घुसडली. आणि सभागृहाने केला एक कायदा, छापला दुसरा. अठरा तारखेच्या त्या गोंधळात कुणीतरी माईकच्या वायरी उपटल्या होत्या, त्यामुळे ध्वनिमुद्रण नव्हतं. सदस्य दोन्ही बाजूंनी शपथा घेऊन मोकळे झाले होते. शेवटी कोर्ट म्हणालं, लघुलिपीतली मूळ वही आणा.

आणि नेमके त्या वहीला पाय फुटले होते. सचिवांनी पोलिसांना फोन केला नाही. त्यांनी अकरा महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या एका बाईंना फोन केला.

२

बाई सभागृहाच्या मुख्य प्रतिवेदक होत्या. सभागृहात बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत टिपायचा आणि मग सुवाच्य करून छापायला द्यायचा, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांना एक कळलं होतं. माणूस काय बोलतो यापेक्षा काय बोलता बोलता थांबतो, ते लक्षात ठेवावं.

भाऊसाहेबांना त्यांनी जन्मात कधी मत दिलं नव्हतं. ‘कुणी कधी आणि कुणाबरोबर जेवावं हे सरकारने कशाला सांगायचं?’ असं त्या घरी सुनेशी बोलताना म्हणायच्या. पण वही ती वही. तिच्यासाठी त्या भाजी अर्धी चिरलेली टाकून आल्या.

रेकॉर्डरूममध्ये काका रडकुंडीला आले होते. सहा महिन्यांपूर्वी ते नकाशांच्या खात्यातून इथे बदलून आले होते. नकाशे गुंडाळून नळ्यांत राहतात, हरवत नाहीत, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

“कोण कोण आलं होतं?” बाईंनी विचारलं.

“परवा संघाचे वकील. कोर्टाची परवानगी होती. वीस मिनिटं वही चाळत बसले, मी डोक्यावर उभा होतो. वही मी माझ्या हाताने परत ठेवली.”

“आणि काल?”

“काल भाऊसाहेबांची मुलगी, ती ताई, आली. छापील अहवाल मागितला, त्या खिडकीशी बसून वाचला. कपाटाकडे आली नाही. आणि तुमची धाकटी येऊन गेली. ती तर घरचीच. तिच्या जुन्या पाच वह्या जमा करायच्या राहिल्या होत्या, मी म्हटलं, ठेव तूच.”

धाकटी म्हणजे बाईंची सगळ्यात शेवटची शिष्या. अठरा तारखेला त्या दुरुस्तीच्या वेळी सभागृहातली पाळी तिचीच होती. हरवलेली वही तिच्याच हातची.

“बाहेर जाताना पिशव्या तपासता?”

“खिसेसुद्धा. नकाशांच्या खात्यातली सवय. या खोलीतून कागदाचा कपटाही बाहेर गेला नाही, मी शपथेवर सांगतो.”

“मग वही आहे कुठे?”

काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

३

धाकटी प्रतिवेदकांच्या खोलीत होती. सभागृह चालूच होतं. दहा मिनिटं आत बसून टिपायचं आणि बाहेर येऊन चाळीस मिनिटांत टाइप करायचं, असं तिथलं रहाटगाडगं. समोरच्या वहीचं पान टाइप करून झालं की ती त्यावर तिरकी रेघ मारत होती. रेघ म्हणजे पान उतरवून झालं. ही शिस्तही बाईंचीच.

“काल रेकॉर्डरूममध्ये गेली होतीस?”

“हो बाई. वह्या ठेवायला.”

“तुझी अठरा तारखेची वही तेव्हा खणात होती?”

धाकटीने समोरची वही हातात घेतली. हातातली वही शेवटच्या पानापर्यंत भरली होती. लघुलिपीवाले पानाच्या एकाच बाजूला लिहीत जातात. वही संपली की ती उलटायची आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजू भरत यायच्या. तिने वही उलटली, मागच्या पुठ्ठ्यावर आजच्या तारखेची चिठ्ठी चिकटवली, ती दोनदा अंगठ्याने दाबली. बाईंनी हे हजारदा केलं होतं, त्यामुळे त्यांचं तिकडे लक्षही गेलं नाही.

“बाई, तुम्ही घरी जा ना,” ती शेवटी म्हणाली. “भाऊसाहेब असेही जिंकतील. ते कधी हरलेत?”

घंटा वाजली. तिची पाळी आली होती. जाताना तिने बाईंकडे पाहिलं नाही.

उपाहारगृहात संघाचे वकील चहा घेत होते. बाईंना पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि एक कप त्यांच्यापुढे सरकवला.

“या. वही हरवली तर फायदा माझा, म्हणजे चोर मीच, असंच ना?”

“असं मी अजून म्हटलं नाही.”

“म्हणा की. पण मी ती नेऊन करू काय? त्यातल्या अळ्या मला वाचता येतात थोड्याच? वीस मिनिटं नुसती चित्रं पाहिली. एक गोष्ट तेवढी दिसली. सगळ्या पानांवर तिरक्या रेघा होत्या, मधली दोन पानं सोडून. त्यांच्यावर रेघच नव्हती. आज मी तेच विचारणार होतो.”

बाईंच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. रेघ नाही म्हणजे ती दोन पानं उतरवलीच नाहीत. तोंडाने त्या एवढंच म्हणाल्या, “चहा गार झालाय.”

भाऊसाहेबांची ताई दाराबाहेरच भेटली. वडिलांचं सगळं कार्यालय ती एकटी सांभाळायची. रात्रभर झोपली नसावी.

“आमच्याच वकिलांनी डोक्याला हात लावलाय,” ती म्हणाली. “बाबांनी शपथपत्रावर सहीच केली नाही. फक्त एवढं लिहायचं होतं की छापलंय तसंच घडलं. म्हणाले, छापील पुस्तकावर मी शपथ घेणार नाही, वहीवर घेईन. आता वहीच नाही. बाबांना काय झालंय तेच कळत नाही मला.”

“पुढचं मला त्यांनाच विचारू दे,” बाई म्हणाल्या.

४

भाऊसाहेबांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि खुंटीला कोट एवढंच होतं. ते पत्रांना उत्तरं लिहीत होते, स्वतःच्या हाताने. बाई आत येताच ते उठून उभे राहिले. प्रतिवेदकांसाठी उठून उभा राहणारा हा सभागृहातला एकच माणूस, हे बाईंना मान्य करावं लागायचं. शिवाय अधिवेशनात जागा न सोडणारा आणि विरोधकांच्या दुरुस्त्या आपल्या भाषणाच्या आधी वाचणाराही तोच एक.

“शपथपत्रावर सही का नाही केलीत?” बाईंनी आडवळण घेतलं नाही.

“छापलंय तसं घडलं नव्हतं म्हणून.”

“म्हणजे संघ म्हणतो ते खरं?”

“अर्धं.” ते बसले. “बाई, वही सापडली नाही तर मी हरेन. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. सापडली तर बहुधा दुसरंच कुणीतरी हरेल. तुम्हाला या कामाला कुणी बोलावलं?”

“सचिवांनी.”

“दुसरं कुणी मिळालं नाही त्यांना?” ते पुटपुटले आणि पुन्हा पत्राकडे वळले.

बाई जिन्यात थांबल्या. घड्याळात पावणेएक झाला होता. वकिलाला वही वाचता येत नव्हती. ताई कपाटाकडे गेली नव्हती. काकांना वही लपवून मिळणार तर काहीच नव्हतं, गेलीच असती तर नोकरी. उरली धाकटी. पण तिच्याही हातून वही बाहेर गेलेली नव्हती. आणि तिला वही नाहीशीच करायची असती तर तिथल्या तिथे पानं फाडून गिळताही आली असती. तसंही तिने केलं नव्हतं. बाईंनी तिला घडवलं होतं. मूळ नोंद फाडणं तिच्याच्याने होणार नाही. ती वही फक्त अशा ठिकाणी ठेवेल, जिथे नकाशांच्या खात्यातून आलेला माणूस शोधणार नाही.

आणि मग बाईंना ती अंगठ्याने दाबलेली चिठ्ठी आठवली. त्या जिना उतरू लागल्या, गुडघ्यांची पर्वा न करता.

“काका, नोंदवही काढा. धाकटीच्या वह्या काल कुठल्या खणात गेल्या?”

“अठरा तारखेच्या पुढच्या महिन्याच्या. अंदाजपत्रकाचा खण.”

“त्या खणात नोंदीप्रमाणे वह्या किती?”

काकांनी बोट फिरवलं. “कालच्या पाच धरून सात.”

“मोजा.”

काकांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग चष्मा काढून मोजल्या.

“आठ,” ते म्हणाले.

“सकाळपासून तुम्ही एक कमी असलेली वही शोधताय. एक जास्त झालेली कुणी मोजली नाही.” बाईंनी हात घालून तिसरी वही उपसली. समोर अंदाजपत्रकाच्या दिवसाची चिठ्ठी होती, त्या चिठ्ठीच्या हिशेबाने वही अगदी योग्य खणात होती. बाईंनी वही उलटली. मागच्या पुठ्ठ्यावर अठरा तारीख होती. एकच वही, दोन बाजूंना दोन तारखा; ती फक्त फिरवून दुसऱ्या खणात ठेवली होती.

काकांनी हात जोडले. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या खिडकीशी बसून रेघ नसलेली दोन पानं वाचत होत्या. दुसऱ्याची लघुलिपी सहसा वाचता येत नाही. पण ही धाकटीची होती, आणि धाकटीचा हात बाईंनी स्वतः वळवला होता.

दुसऱ्या पानाच्या समासात एक बारीक नोंद होती. ती वाचून बाईंनी वही मिटली आणि मांडीवर धरून बसून राहिल्या.

५

धाकटी दारात उभी होती. पाळी संपवून धावत आली असावी.

“सापडली,” ती म्हणाली. विचारलं नाही.

“बस.”

ती बसली आणि रडायलाच लागली. “बाई, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं. तुमच्यासमोर साठ पानं तपासायची पडली होती. मी म्हटलं, खुर्चीची चूक आहे, काय करू? तुम्ही मान वर न करता म्हणालात, गाळ.”

बाईंना आठवेना. कसं आठवणार? खुर्ची चुकत नाही, हा प्रतिवेदकांचा जुना रिवाज. अध्यक्ष अडखळले, चुकीचा अनुक्रमांक म्हणाले, तर ते गाळायचं आणि जणू सगळं सुरळीत झालं असं छापायचं. बाईंनी पंचवीस वर्षं तो शिकवला होता. स्वयंपाकात रोज मीठ घालणारीला कुठल्या दिवशी किती घातलं ते आठवत नाही, तसं ते झालं होतं.

“मी समासात लिहून ठेवलं होतं, तुम्हीच शिकवलं होतं म्हणून. कोर्टात वाचलं असतं तर तुमचं नाव आलं असतं. चौतीस वर्षांत तुमच्यावर एक ठपका नाही, बाई. मला वाटलं, भाऊसाहेब त्याशिवायही जिंकतील.”

“नसते जिंकले.”

“पण आता ही वाचता येते फक्त आपल्या दोघींना,” धाकटी हळूच म्हणाली. “समासातलं नाही वाचलं तर…”

बाईंनी समासातली ओळ पुन्हा वाचली. मोह झाला नाही म्हणणं खोटं ठरेल. एक ओळ गाळायची होती, आणि गाळण्यात त्यांचा हात पक्का बसलेला होता. समासातली ती ओळ वाचली नाही तर भाऊसाहेब जिंकणार होते, धाकटी वाचणार होती आणि बाईंचं नावही. कुणाचंच नुकसान नव्हतं. मग त्यांना भाऊसाहेबांची ती न झालेली सही आठवली. त्या माणसानेही एक ओळ लिहिली असती तर दोन वर्षांची मेहनत वाचली असती, आणि ती ओळ छापील पुस्तकाला धरूनच होती.

“चल,” त्या म्हणाल्या. “दीड वाजला.”

६

कोर्टात बाईंनी वही दोन्ही हातांत धरली आणि चौतीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द वाचले त्याच सपाट आवाजात वाचलं.

गोंधळ. अध्यक्ष विधेयक आवाजी मताला टाकतात. मंजूर, मंजूर, मंजूर. विरोधी सदस्य घोषणा देत बाहेर जातात. संघाचे वकील इथे हसले, कारण दुरुस्ती खरोखरच राहिली होती.

बाईंनी पान उलटलं.

भाऊसाहेब उभे राहतात. म्हणतात, ‘अध्यक्ष महोदय, समोरच्या सदस्यांची दुरुस्ती मताला टाकायची राहिली. ती टाकल्याशिवाय माझं विधेयक मंजूर झालं असं मी मानणार नाही.’ अध्यक्ष म्हणतात, आता झालं ते झालं. भाऊसाहेब खाली बसत नाहीत. त्यांच्याच पक्षाचे दोघे ओरडतात, जिंकलोय, बसा. ते बसत नाहीत. अध्यक्ष आपली घोषणा मागे घेतात. बाहेर गेलेल्यांसाठी घंटा पाच मिनिटं वाजते. दुरुस्ती मताला, मंजूर. विधेयक पुन्हा मताला. भाऊसाहेबांच्या पक्षाचे ते दोघे रागाने विरोधात मत देतात. विधेयक एका मताने मंजूर.

जे सदस्य शपथेवर म्हणाले होते की दुरुस्ती मताला टाकलीच नाही, ते खरंच बोलले होते. घंटा वाजत होती तेव्हा ते बाहेर पायऱ्यांवर मुलाखती देत होते.

“आणि समासात,” बाई न थांबता म्हणाल्या, “असं लिहिलंय, की बाईंनी सांगितलं, गाळ. त्या बाई म्हणजे मी.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “का गाळलंत?”

“सवयीने. खुर्चीची चूक छापायची नाही, अशी आमची रीत आहे. खुर्चीची चूक गाळताना एका माणसाचा खरेपणा गाळला जातोय, हे मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.”

न्यायाधीश भाऊसाहेबांकडे वळले. “तुम्हाला हे माहीत होतं. सांगितलं का नाही?”

“दुसऱ्या दिवशी अहवाल वाचला तेव्हाच कळलं, साहेब. कुणी गाळलं असेल तेही कळलं. पण ती रीत शंभर वर्षांची आहे, आणि जुन्या रीतीविरुद्ध मी कोणत्या तोंडाने बोलू?” कोर्टात हशा झाला, ते मात्र हसले नाहीत. “आणि मला जिंकायचं होतं. एका बाईंच्या आयुष्यभराच्या कामावर पाय देऊन नाही.”

चार वाजता निकाल आला. कायदा कायम. मूळ नोंदीप्रमाणे अहवाल दुरुस्त करावा. तत्कालीन मुख्य प्रतिवेदकांच्या कृतीबद्दल न्यायालय तीव्र नापसंती व्यक्त करत आहे. ते वाक्य न्यायाधीशांनी सावकाश वाचलं, आणि कोर्टाच्या लघुलेखकाने ते खाली मान घालून टिपून घेतलं. बाईंनी त्याचा हात पाहिला. चांगला होता.

बाहेर पायऱ्यांवर पत्रकारांनी भाऊसाहेबांना घेरलं होतं. ही तुमची सलग चौथी जीत, कसं वाटतं, वगैरे. ते गर्दीतून वाट काढत बाईंपाशी आले आणि कोटाचं बटण लावून उभे राहिले.

“माझ्यामुळे तुम्हाला बोल लागला,” ते म्हणाले.

“तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे.” मग बाईंनी त्यांना सांगून टाकलं, कारण आता लपवून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “भाऊसाहेब, तुमचा हा कायदा मला पटत नाही. आजही नाही.”

“मग पुढच्या अधिवेशनात त्याच्याविरुद्ध निवेदन द्या. मी पहिल्यांदा तुमचंच वाचेन.”

तो माणूस हे करील, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ताई वडिलांना गाडीकडे घेऊन गेली.

धाकटी जवळ येऊन उभी राहिली. डोळे सुजले होते. उद्या सचिवांपुढे जाऊन सगळं स्वतः सांगायचं, असं बाईंनी तिला बजावलं होतं आणि ती जाणार होती.

“बाई, तुम्हाला पश्चात्ताप होत नाही? त्या माणसाला तुम्ही कधी मतसुद्धा दिलं नाही.”

“पुढेही देणार नाही,” बाई म्हणाल्या. “पण तो जिंकला की आता मला वाईट वाटणार नाही.”